स्वयंपाकघरांची फेरी पाणी येण्याच्या आदल्या दिवशी काढावी

प्रति,
मा. संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या सोलापूर शहरातील काही घरांची स्वयंपाकघरे आणि परसबागा नागरिकांना एका दिवशी फिरून पाहता याव्यात, यासाठी काही उत्साही मंडळी फेरी काढणार असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. उपक्रम स्वागतार्ह आहे, आणि अशा एका लहान फेरीत यजमान म्हणून व पाहुणी म्हणूनही मी स्वतः भाग घेतलेला असल्याने तो यशस्वी व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र बातमीतील दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली म्हणजे फेरी उन्हाळ्याच्या सुट्टीत काढण्याचे घाटत आहे. दुसरी म्हणजे परीक्षक नेमून 'सर्वोत्कृष्ट स्वयंपाकघर' आणि 'सर्वोत्कृष्ट परसबाग' अशी बक्षिसे दिली जाणार आहेत. आयोजकांना माझी विनंती अशी, की बक्षिसे रद्द करावीत, आणि दिवस ठरवताना रविवार किंवा सुट्टी न पाहता त्या त्या भागात नळाला पाणी येण्याचा दिवस पाहून त्याच्या आदल्या दिवशी फेरी काढावी. ही सूचना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल याची मला जाणीव आहे, म्हणून ती सविस्तर मांडते.

घरोघर जाऊन पाहण्याची आपल्याकडे नवलाई नाही. गौरींची आरास पाहायला आपण ओळखीच्याच काय, अनोळखी घरांतही जातो. चैत्रातले आणि संक्रांतीचे हळदीकुंकू तर याच्यावरच चालते. शिवाय सोलापूर हे फेरीचेच गाव आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापिलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांसह आजही होते आणि तिच्यासाठी निम्मे गाव रस्त्यावर उतरते. पण हळदीकुंकवाला आलेली बाई बैठकीच्या खोलीतून परत जाते. फार झाले तर देवघरापर्यंत येते. स्वयंपाकघर हे आपल्याकडे घरातले सर्वांत आतले दालन. तिथे कोणी कुठवर यायचे हे न बोलता ठरलेले असते, आणि ते ठरवण्यात जातीपातीचा आणि सोवळ्याओवळ्याचा वाटा किती होता व आहे, हे आपण सर्व जाणतो. म्हणून स्वयंपाकघराचे दार परक्या माणसासाठी उघडणे ही लहान गोष्ट नाही. ते उघडल्यावर आत काय दिसावे, एवढाच माझा मुद्दा आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विजापूर रस्त्याकडच्या वसाहतीत अकरा घरांनी मिळून अशीच फेरी काढली होती. त्या वेळीही ऐनवेळी एका संस्थेने, जिचे नाव मी घेणार नाही, बक्षिसे जाहीर केली आणि सगळ्याचा नूर पालटला. एका घरी ओटा इतका मोकळा केलेला होता, की तिथे रोज चहा तरी होतो की नाही अशी शंका यावी. दुसऱ्या घरी फाटकापासून दारापर्यंत शेवंतीच्या कुंड्यांची रांग होती. त्या रोपवाटिकेतून दोन दिवसांच्या भाड्याने आणल्या असल्याचे मला नंतर त्या घरच्या मुलानेच सांगितले. आणि मीदेखील वेगळे काही केले नाही. माझा पाटा-वरवंटा मी मागच्या व्हरांड्यात सरकवला, मोरीजवळचे पाण्याचे दोन बॅरल जुन्या सोलापुरी चादरीने झाकले आणि त्यांवर फुलदाणी ठेवली. परीक्षक येऊन गेले. फुलदाणी छान आहे म्हणाले. बॅरलखालच्या त्या कोपऱ्यातूनच माझी सगळी परसबाग जगते, हे त्यांना सांगायची सोयच मी ठेवली नव्हती.

आपल्या शहराची खरी गोष्ट पाण्याची आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीने. शहराचे मुख्य पाणी उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीने येते. त्याला टाकळीचा भीमेवरचा उपसा आणि हिप्परग्याच्या जुन्या तलावाची जोड आहे. असे असूनही चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी घेण्याची सवय सोलापूरच्या बायकांना वर्षानुवर्षे लागलेली आहे. पाणी सुटले त्या दिवशी प्रत्येक घर सारखेच दिसते; सगळे भरलेले, सगळे धुतलेले, अंगणात सडा. खरे घर दिसते ते पाणी यायच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी बॅरलच्या तळाशी वीतभर पाणी उरलेले असते, आणि घरातली बाई ते कुठे घालते यावरून तिचा सगळा संसार वाचता येतो. ज्या कुंडीला त्या दिवशीही तांब्याभर पाणी मिळते ती तिची लाडकी कुंडी. ज्या झाडाला काहीच मिळत नाही आणि तरी ते हिरवे असते, ते सोलापुरात लावण्याजोगे झाड. परगावचा पाहुणा येथून काही शिकून जायचा असेल तर तो याच दिवशी शिकेल.

पूर्व भागात दाजी पेठेच्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आई राहतात. घरी तेलुगू बोलतात, सगळे त्यांना अक्का म्हणतात. विड्या वळून त्यांनी तीन मुलांना शिकवले. त्यांचे स्वयंपाकघर म्हणजे आठ बाय दहाची खोली. त्यातच एका कडेला विड्यांचे सूप, तेंदूच्या पानांचा भिजवलेला गठ्ठा आणि दोऱ्याचे गुंडाळे. ओट्याशेजारी तीन निळे बॅरल, तोंडाला जुन्या साडीचा दुपदरी तुकडा आणि त्यावर दोरी आवळलेली. भिंतीवर खिळ्याला एक लाकडी पट्टी टांगलेली होती. बंद पडलेल्या मागाची ती पट्टी असावी, इतकी हातांनी गुळगुळीत झालेली होती. तिच्यावर सुरीने पाच खाचा पाडलेल्या आहेत. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी अक्का ती पट्टी मधल्या बॅरलमध्ये उभी बुडवून बाहेर काढतात आणि ओल कोणत्या खाचेपर्यंत आली ते पाहतात. त्या दिवसाच्या खाचेच्या वर ओल असेल तर उद्या कपडे धुवायचे. खाली असेल तर कपडे थांबतात आणि डाळ-तांदूळ धुतलेले पाणी दाराबाहेरच्या पुदिन्याला न जाता भांडी विसळायला जाते. मी शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवले. तक्त्यावरचा आलेख इतक्या नेमकेपणाने वाचणारी मुले मला फार थोडी भेटली.

अक्कांच्या दाराबाहेर जमीन नाही. फरशीच्या कडेला तेलाचे रिकामे डबे आणि सिमेंटच्या पोत्यांचे गुंडाळलेले तुकडे मातीने भरून ठेवलेले आहेत. त्यांत पुदिना, कढीपत्ता, गवती चहा, एका डब्यात तोंडलीचा वेल आणि सर्वांत मोठ्या पोत्यात अंबाडी. परीक्षकांची यादी हातात घेऊन पाहिले तर याला परसबाग म्हणता येणार नाही, पण त्या पोत्यातली अंबाडी आठवड्यातून एकदा चार माणसांच्या ताटात येते.

या अंबाडीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण सोलापूरच्या स्वयंपाकघरांची फेरी करायची तर मी तिच्याच मागोमाग जाईन. उन्हाला न घाबरणारे, कमी पाण्यावर वाढणारे आणि आंबट पानांचे हे झाड. पूर्वी याच्या सालीचा वाख काढून त्याचे दोर वळत. अक्का तिला गोंगूरा म्हणतात. माझ्या शेजारी अक्कलकोटकडचे कन्नड कुटुंब आहे, त्यांच्याकडे ती पुंडी. शास्त्रीनगरात माझ्या उर्दू बोलणाऱ्या मैत्रिणीच्या घरी तिला अंबाडा म्हणतात आणि मटणात घालतात. आम्ही मराठी घरांत पाने उकडतो, आंबट पाणी काढून टाकतो, मग तूरडाळ, ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे घालून ती घोटतो आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी ओततो. अक्का पाने उकडतच नाहीत. सुक्या मिरच्यांबरोबर तेलावर परततात, ती आपोआप गळून लगदा होतात, आणि मग लसूण घालून वाटतात. मी सहज विचारले, आंबटपणा काढायला उकडत का नाही? त्या म्हणाल्या, "बाई, आंबटासाठीच तर आणायची, मग पाण्यात टाकून द्यायची कशाला? आणि पाणी तरी कुठंय?" तेव्हापासून मी उकडलेले आंबट पाणी फेकत नाही, तांब्याची कळशी त्याने घासते, लखलखीत निघते. भाजी मात्र अजून आमच्याच पद्धतीने करते, कारण सवय. एका पानाच्या चार भाषा आणि चार पाककृती एका दिवसात, तीन-चार किलोमीटरच्या आत पाहायला मिळतील असे गाव महाराष्ट्रात विरळाच असेल. दसऱ्याच्या आधी पूर्व भागातल्या तेलुगू बायका बतुकम्मा, म्हणजे देवी म्हणून पुजायचा फुलांचा मनोरा, रचतात, त्यात तरवडाची पिवळी फुले आणि कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे लागतात. हे दोन्ही शहराबाहेरच्या माळावर आपोआप उगवणारे, कोणाच्याही बागेत न लावलेले. कुर्डूची कोवळी पाने आपण भाजीला खुडतो, त्या फुलाची देवी करतात. हेही स्वयंपाकघर आणि बाग यांचेच नाते आहे, फक्त त्याला कुंपण नाही.

आता आमच्या घराविषयी, कारण बॅरल झाकल्याचे प्रायश्चित्त घ्यायला हवे. आमच्या ओट्याच्या सिंकचे पाणी गटारात जात नाही. नळी भिंतीतून बाहेर काढून ती एका जुन्या सिमेंटच्या कुंडात सोडलेली आहे. कुंडात तळाशी विटांचे तुकडे, त्यावर खडी आणि वर जाड वाळू. खरकटे आणि तेलाचा तवंग वरच अडकतो, आणि तो दर पंधरवड्याला खरवडून खताच्या खड्ड्यात टाकावा लागतो. त्यात कुचराई झाली की शेजाऱ्यांना वासाने कळते. कुंडातून झिरपलेले पाणी कर्दळीच्या वाफ्यात जाते, तिथून केळीला आणि उरले तर अळूला. पालक, मेथी, कोथिंबीर यांना हे पाणी मी देत नाही, कारण ती पाने जमिनीलगत असतात आणि कोथिंबीर तर कच्चीच खातो. सुरुवातीला मी एक चूक केली होती, ती इथे लिहिते. भांड्यांच्या साबणाचे पाणी एकाच वाफ्याला वर्षभर दिले. आपली काळी माती चिकणमातीची. साबणातल्या सोड्याने तिची रवाळ ठेवण मोडते, पाणी मुरेनासे होते आणि वर पापडी धरते. वाफा खणायला गेले तर कुदळ उसळून परत आली. आता साबण अगदी थोडा, राख जास्त, आणि पाणी दर आठवड्याला वाफा बदलून देते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याचेही तसेच. पिण्याच्या एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी त्यातून बाहेर पडते, ते टाकवत नाही म्हणून अनेक घरी कुंड्यांना घातले जाते, आणि मग मोगऱ्याची पाने कडेने करपली की खताला दोष दिला जातो. त्या पाण्यात क्षार गोळा झालेले असतात. विंधनविहिरीचे पाणी ज्यांच्याकडे मुळातच मचूळ आहे त्यांच्याकडे तर ते कुंडीत घालूच नये. फरशी पुसावी, संडासात ओतावे.

बॅरलविषयी आणखी एक गोष्ट, जी केवळ आदल्या दिवशीच्या फेरीतच दाखवता येईल. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्याची मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवून. आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकून राहतात. म्हणजे बॅरल रिकामे करून परत भरल्याने काही होत नाही, आतली भिंत काथ्याने किंवा घासणीने खसाखसा घासावी लागते. ते कधी शक्य आहे? पाणी तळाला गेलेले असते तेव्हाच. अक्कांकडे तीन बॅरल असण्याचे कारण हेच आहे: दर पाळीला एक पूर्ण संपवून घासायचे, दोन चालू ठेवायचे. फेरीत आरोग्य खात्याच्या एखाद्या सेविकेने दहा घरांत हे प्रत्यक्ष करून दाखवले, तर हजार पत्रके वाटण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे ठरेल असे मला वाटते.

स्वयंपाकाचे पदार्थसुद्धा याच हिशेबाने पाहावेत. सोलापूरच्या शेंगाचटणीचे आणि कडक भाकरीचे परगावच्या लोकांना फार कौतुक असते, पाकिटे भरून नेतात. पण हे पदार्थ मुळात चैनीचे नव्हेत. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ आणि जिरे उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचे. त्यात पाण्याचा थेंब नाही, म्हणूनच ती टिकते. कडक भाकरी पातळ थापून, भाजून, मंद आचेवर पापडासारखी कडकडीत वाळवलेली. ती आठवडे टिकते आणि वाऱ्या-यात्रांना शिदोरी होते. ज्या दिवशी चूल पेटवायला आणि भांडी घासायला पाणी-वेळ नसेल त्या दिवसाचे हे जेवण. ज्या ज्वारीची ती होते, ती रब्बीची ज्वारीही तशीच वाढलेली असते. भाद्रपद-आश्विनात पडलेला पाऊस काळ्या जमिनीत जिरतो, आणि मग त्या साठलेल्या ओलाव्यावर, वरून पाणी न मिळता, पीक माघ-फाल्गुनापर्यंत उभे राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेले मालदांडी ३५-१ हे वाण आजही शेतकऱ्यांच्या मनात पक्के बसलेले आहे, याच्यामागे हीच कोरडवाहूची विद्या आहे. शेत साठवणीवर आणि घरही साठवणीवर चालते. मॉड्युलर किचनचे दरवाजे किती हळू मिटतात हे पाहायला मला पुण्याला जाता येईल.

माझ्या सूचनेतून आपोआप आणखी एक गोष्ट साधते. शहरात सर्व भागांना एकाच दिवशी पाणी येत नाही. त्यामुळे आदल्या दिवशीची फेरी एका दिवसात सगळ्या शहरात काढताच येणार नाही. ज्या भागात उद्या पाणी, त्या भागात आज फेरी, असे करत ती चार-पाच दिवस चालेल आणि पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक हेच फेरीचे वेळापत्रक होईल. बातमीत ज्या घरांचा उल्लेख होता ती बहुतेक होटगी रस्ता आणि जुळे सोलापूर या बाजूची दिसतात. पाण्याच्या पाळीने गेलो तर साखर पेठ, अशोक चौक, शास्त्रीनगर, नई जिंदगी यांना वगळण्याची सोयच राहणार नाही. शहराला लागूनच कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरांची वसाहत उभी राहिली आहे. एकाच आराखड्याच्या घरांत बायकांनी स्वयंपाकघर किती तऱ्हांनी मांडले आहे आणि पुढच्या वीतभर जागेत काय काय लावले आहे, हे पाहण्यासाठी एक दिवस तिकडे राखून ठेवावा. अर्थात घर दाखवण्याची सक्ती कोणावर नको. ज्यांना फक्त अंगण दाखवायचे त्यांनी फक्त अंगण दाखवावे, आणि कोणाचेही स्वयंपाकघर त्या बाईला विचारल्याशिवाय मोबाइलमध्ये टिपू नये. आमच्या फेरीनंतर एका घरच्या पोचे पडलेल्या पत्र्याच्या कोठीचे छायाचित्र वसाहतीच्या गटात फिरले आणि त्याखाली जे शेरे आले, ते वाचून त्या बाई पुढे कितीतरी दिवस भाजी आणायलाही संध्याकाळ झाल्यावर जात असत.

उन्हाळ्याची सुट्टी नको, हे तर उघडच आहे. वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, पाण्याची पाळी आणखी लांबते, आणि त्या वेळी कोणाच्या कुंडीतली कोथिंबीर पाहायला मागणे हा जरा निर्दयपणाच आहे. मार्गशीर्ष ते पौष हा काळ योग्य. वेळ अमावस्येची भज्जी-आंबील असते, हुरडा सुरू असतो, अंगणात घेवडा-वाटाणा असतो आणि गड्ड्याला आलेले परगावचे नातलगही बरोबर घेता येतात.

प्रवेशशुल्क ठेवावे की नाही याबद्दल दुमत होऊ शकते. मी ठेवण्याच्या बाजूची आहे. इंग्लंडमध्ये खासगी बागा लोकांना पाहण्यासाठी उघडण्याची योजना १९२७ साली सुरू झाली. माणशी एक शिलिंग शुल्क घेतले गेले आणि पहिल्याच वर्षी सहाशेवर बागा उघडून जमलेले पैसे घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी वापरण्यात आले. ती योजना आजही चालू आहे. तिथे बागा हिरव्या ठेवण्यासाठी पावसाला निमित्त लागत नाही, तेव्हा त्यांची बरोबरी आपण करायची नाही. पण पैसा कशासाठी हे आधी ठरलेले होते, एवढे घेण्यासारखे आहे. आपल्याकडे बक्षिसांच्या ढाली आणि सत्काराच्या शाली यांवर जो खर्च होणार आहे तो आणि शुल्काचे पैसे मिळून प्रत्येक भागातल्या एखाद्या अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या छपराला पन्हळ आणि टाकी बसवता येईल. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पाचशे चौरस फुटांच्या, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटरच्या छपरावर आपल्या सरासरी पावसात वर्षाला २५ हजार लिटर पाणी पडते. गळती, बाष्प आणि पहिल्या पावसाचे मळके पाणी सोडून दिले तरी २० हजार लिटर हाती लागते. एवढ्यावर शाळेची शेवग्याची दोन झाडे आणि कढीपत्ता वर्षभर जगतो आणि पोषण आहाराच्या खिचडीत त्याची पाने पडतात.

परसबागा पाहताना लोक बियाणे आणि फांद्या मागून नेतील, ते चांगलेच आहे. घेवड्याच्या, दोडक्याच्या, अंबाडीच्या बिया जरूर वाटाव्यात. फक्त डाळिंबाची फांदी कोणी कोणाला देऊ नये, आणि एकाच कात्रीने सगळ्यांच्या बागेत छाटणी करून दाखवण्याचा उत्साह टाळावा. आपला जिल्हा डाळिंबाचा आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि तेल्या रोगाने इथल्या बागांचे काय केले ते शेतकरी अजून विसरलेले नाहीत. हा रोग जिवाणूंचा. तो रोगट कलमांतून, अवजारांतून आणि पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो. अंगणातल्या एका झाडाचे नुकसान सोसता येते, पण पाहुण्यांमध्ये कोणाची सांगोल्याला दोन एकर बाग असेल, तर त्याच्या हातून तो रोग घरी जायला नको.

आयोजकांनी ही सूचना मान्य केल्यास आमचे घर मी फेरीसाठी देऊ इच्छिते. आमच्या भागात पाणी येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी चारनंतर यावे, कारण चारनंतरच मी दुपारची भांडी विसळून ते पाणी कर्दळीला सोडते आणि तेच प्रत्यक्ष दाखवता येईल. अक्कांनाही विचारले आहे. पट्टी दाखवायला त्या तयार आहेत, पण विड्यांचा हजाराचा हिशेब पुरा व्हायचा असेल तर बोलायला थांबणार नाहीत, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले आहे. आमच्याकडे मोरीच्या वाटेत दोन बादल्या आणि एक कळशी असेल. त्या हलवलेल्या नसतील, तेव्हा पाहुण्यांनी पाय जपून टाकावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
विजापूर रस्ता, सोलापूर